साडेसात महिन्यांच्या मुलीची बुद्धी : मुलांच्या मानसिक चाचण्या आणि त्या घेणारी माणसे

#धागा #इतिहास #बुद्धिमापन

नोव्हेंबर १९२४. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे एक जिल्हा न्यायालय. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रेडक्रॉसची एक समाजकार्यकर्ती उभी आहे आणि तिला प्रश्न विचारले जात आहेत ते एका तान्ह्या मुलीविषयी. मुलीचे नाव व्हिव्हियन, वय साडेसात महिने. या बाळाकडे पाहिले की ते पुरते सामान्य वाटत नाही, असे समाजकार्यकर्तीने सांगितले. म्हणजे नेमके काय वाटते, हे मात्र आपल्याला सांगता येणार नाही, अशी पुस्तीही तिने जोडली. सुप्रजननशास्त्राच्या एका संस्थेतून आलेल्या संशोधकाने बाळाची त्या वयाला साजेशी चाचणी घेतली होती. बाळ सरासरीच्या मागे आहे, अशी साक्ष त्याने दिली.

बाळाची आई कॅरी बक तेव्हा १८ वर्षांची होती. तिचे मानसिक वय ९ वर्षे आणि तिच्या आईचे ८ हून थोडे कमी, असे बिने पद्धतीच्या चाचणीने ठरवले होते. कॅरी सहावीपर्यंत शाळेत व्यवस्थित शिकली होती. पुढे ज्या कुटुंबाने तिला सांभाळले त्यांनी तिला शाळेतून काढून घरकामाला लावले. त्या कुटुंबाच्याच एका नातलगाने आपल्यावर बलात्कार केला, असे तिने नंतर सांगितले. ती गर्भार राहिल्यावर तिला मंदबुद्धी ठरवण्यासाठी अर्ज केला तोही याच कुटुंबाने. न्यायालयाला आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धी असल्याचे दाखवायचे होते आणि त्यासाठी साडेसात महिन्यांच्या मुलीविषयी कोणीतरी काहीतरी म्हणणे आवश्यक होते. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी कॅरीचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली.

व्हिव्हियन पुढे शाळेत गेली. तिथे काय झाले, ते शेवटी सांगते.

मुलांच्या बुद्धिमापनाचा इतिहास बहुधा चाचण्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणती चाचणी कोणी, कोणत्या साली तयार केली, अशी ती यादी असते. त्या यादीत ‘चाचणी घेणारा’ हा माणूस हरवतो, असे मला वाटत आले आहे. बंद खोलीत मुलासमोर बसलेली व्यक्ती कोण होती, तिला कोणी नेमले होते, तिला मुलाची भाषा येत होती का आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे काय होणार होते, या प्रश्नांच्या अंगाने हा इतिहास वाचला की तो बराच वेगळा दिसतो. (मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, मानसशास्त्राची नव्हे. या धाग्याची मर्यादा तीच आणि निमित्तही तेच.)

आता पॅरिसला जाऊ, कारण कॅरीवर वापरलेली मोजपट्टी तिथे जन्मली.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. त्याआधी जी मुले शेतात, कारखान्यात किंवा रस्त्यावर असत, ती आता वर्गात येऊन बसू लागली. काही मुले इतरांबरोबर पुढे सरकत नव्हती. सक्तीच्या शिक्षणाने असे मूल पहिल्यांदाच सरकारच्या नजरेस पडले. त्यापूर्वी ते मागे होते, पण कोणाच्या मागे, हे सांगणारा वर्गच नव्हता. आपल्याकडे अशा मुलासाठी एकाच अक्षराचा शिक्का पुरतो : ‘ढ’. फ्रान्समध्ये शिक्का मारणारे दोघे होते. शिक्षक मुलाला वर्गाबाहेर काढू पाहत आणि वेड्यांच्या इस्पितळातील डॉक्टर त्याला आत घेत. १९०४ मध्ये शिक्षण खात्याने या प्रश्नासाठी आयोग नेमला. त्यात आल्फ्रेद बिने हा मानसशास्त्रज्ञ होता.

बिनेचा पूर्वेतिहास ठाऊक असल्याशिवाय त्याची चाचणी नीट कळत नाही. १८५७ मध्ये नीस येथे जन्मलेला हा गृहस्थ कायदा शिकला, तो सोडून राष्ट्रीय ग्रंथालयात बसून स्वतःच मानसशास्त्र वाचू लागला आणि पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या ख्यातनाम डॉक्टरच्या हाताखाली संमोहनाचे प्रयोग करू लागला. संमोहित रुग्णाच्या एका अंगावरील लक्षणे लोहचुंबकाने दुसऱ्या अंगावर नेता येतात, असा दावा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने केला. देल्बफ नावाच्या बेल्जियन अभ्यासकाने दाखवून दिले की रुग्णांना आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे ठाऊक असते आणि त्या तसेच वागतात. बिनेला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली. पुढे त्याने शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार मुलांचे डोके मोठे असते, अशी त्या काळी सर्वमान्य समजूत होती. त्याला फरक मिळाला तो अगदी नगण्य. शिवाय कोणता मुलगा ‘मंद’ म्हणून पाठवला आहे हे माहीत असले की मोजणारा हात नकळत तिकडे झुकतो, हेही त्याने स्वतःच्याच मोजमापावरून ताडले आणि लिहून ठेवले.

म्हणजे मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा मापात उतरते, हा धडा या माणसाने दोनदा पोळून घेऊन शिकला होता. घरी मादलेन आणि आलीस या दोन मुली. एकाच घरात वाढलेल्या दोघी विचार किती निराळ्या रीतीने करतात, हे तो वर्षानुवर्षे टिपत होता.

आयोगाच्या निमित्ताने त्याने व तरुण डॉक्टर तेओदोर सिमों याने निरनिराळ्या इस्पितळांतील मुलांचे दाखले तपासले. एकाच मुलाला एका इस्पितळात एक निदान आणि काही दिवसांनी दुसऱ्या इस्पितळात भलतेच निदान, असे प्रकार त्यांना आढळले. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ हे तेव्हाचे वैद्यकीय शब्द होते, पण प्रत्येक डॉक्टरच्या मनात त्यांची व्याख्या वेगळी होती. दाखल्यावर सही असे, शिक्का असे. मुलाला नेमके काय करायला सांगितले आणि त्याने काय केले, हे मात्र नसे.

१९०५ ची बिने-सिमों चाचणी ही या अंदाधुंदीवर शोधलेली वाट होती. चढत्या कठीणतेची ३० कामे. पहिले काम पेटलेल्या काडीमागे नजर फिरवण्याचे. पुढे आकडे ऐकून म्हणून दाखवणे, वस्तू ओळखणे, शब्दांचे अर्थ सांगणे. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत ही कामे वयाप्रमाणे लावली गेली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे; पाच वर्षांच्याने दोन डब्यांतील जड कोणता ते सांगावे, चौकोन काढावा, चार नाणी मोजावीत. सर्वसाधारण मुले कोणत्या वयात काय करतात, ते आधी पाहायचे आणि मग समोरचे मूल कुठवर पोचते ते पाहायचे. कल्पना इतकी साधी होती की ती आधी कोणाला का सुचली नाही याचे आश्चर्य वाटते.

चाचणी कशी घ्यावी याच्या सूचना तिच्याइतक्याच महत्त्वाच्या होत्या. खोली शांत आणि एकांतातील असावी. मुलाला एकटे बोलवावे, आपुलकीने वागवावे, ते बुजले असेल तर आधी धीर द्यावा. आलेले फळ म्हणजे मुलाची आजची स्थिती, त्यावरून मागचे कारण किंवा पुढचे भविष्य काढू नये. बुद्धी ही जन्मजात ठरलेली ठराविक राशी आहे, असे मानणाऱ्या समकालीनांवर त्याने १९०९ च्या पुस्तकात कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने विशेष वर्गांचा आग्रह धरला. त्या वर्गांत वाचन-लेखनाआधी लक्ष देण्याचाच सराव घेतला जाई. ‘पुतळा’ हा त्यांतला एक खेळ. शिक्षकाने खूण केली की सर्वांनी जागच्या जागी स्तब्ध व्हायचे. आपण लहानपणी खेळलेल्या ‘स्टॅच्यू’सारखाच! १९०९ मध्ये फ्रान्सने असे वर्ग उघडण्याचा कायदा केला आणि १९११ मध्ये, चाचणीची तिसरी आवृत्ती काढून, बिने ५४ व्या वर्षी वारला.

बिनेच्याही आधीची एक छोटी गोष्ट फिलाडेल्फियाची. १८९६ मध्ये एक शिक्षिका आपल्या १४ वर्षांच्या विद्यार्थ्याला घेऊन पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे गेली. मुलगा एरवी चांगला होता, पण त्याला शब्दांची वर्णाक्षरे काही केल्या येत नव्हती. विटमरने तपासणी केली तेव्हा त्याच्या दृष्टीतच दोष निघाला. त्याला चष्मा दिला गेला, शिवाय वाचनाची वेगळी शिकवणी सुरू झाली. जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय मानले जाते ते याच वर्षी, या मुलापासून सुरू झाले. त्याच्या पहिल्या ‘रुग्णा’च्या अडचणीचा एक धागा डोळ्यांत होता, हा तपशील मला फार बोलका वाटतो. चष्म्याने सगळे सुटले असेही नाही, हेही तितकेच बोलके.

बिनेची चाचणी अटलांटिक ओलांडून गेली ती हेन्री गोडार्डच्या सामानातून. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील मंदबुद्धी मुलांच्या शाळेत तो संशोधन करीत होता. १९०८ मध्ये तो युरोपात गेला, परत येताना त्याने ही चाचणी आणली आणि तिचे भाषांतर केले. चाचणीबरोबर बिनेच्या शंका मात्र आल्या नाहीत. बुद्धी आनुवंशिक असते आणि ती बदलत नाही, यावर गोडार्डचा गाढ विश्वास होता. त्याने ‘मोरॉन’ हा नवा शब्द घडवला, तो दिसायला-बोलायला सामान्य वाटणाऱ्या, पण चाचणीत कमी पडणाऱ्या लोकांसाठी. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्याला १०० ने गुणले, आणि बुद्ध्यांक हा सुटसुटीत, वर्तमानपत्रात छापता येण्याजोगा आकडा जन्माला आला. बिनेने मुलाविषयी लिहिलेला परिच्छेद आता दोन-तीन अंकांत मावू लागला.

आकडा आला की तो काढणाऱ्याची फारशी चौकशी होत नाही. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर गोडार्डच्या सहायिका स्थलांतरितांच्या रांगेतून नुसत्या नजरेने ‘संशयित’ निवडत आणि मग त्यांची चाचणी घेत. दीर्घ सागरप्रवास करून नुकतेच उतरलेले, इंग्रजी न येणारे, घाबरलेले लोक दुभाष्यामार्फत उत्तरे देत. निवडलेल्यांपैकी सुमारे चार-पंचमांश मंदबुद्धी निघाले! उतारवयात गोडार्डने आपली बरीच मते मागे घेतली. १९२८ मध्ये त्याने ते जाहीरपणे लिहिले. तोवर कॅरीवरील शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

हीच मोजपट्टी आपल्याकडे आली तेव्हा काय झाले?

लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी बिने चाचणीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. त्यांचे पुस्तक १९२९ चे. मराठी मुलांशी थेट संबंध येतो तो व्ही. व्ही. कामत यांच्या कामाचा. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडला त्यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीची ‘बॉम्बे-कर्नाटक’ आवृत्ती मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत बसवली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. महाराष्ट्रात आजही ‘बिने-कामत’ हे नाव पालकांच्या हाती पडणाऱ्या अहवालांत दिसते. पुष्कळांना ते परदेशी जोडनाव वाटते, पण त्यातले अर्धे नाव आपल्या मातीतले आहे.

‘बसवली’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरले. हे काम भाषांतराहून बरेच अवघड असते. १९०८ च्या बिने चाचणीत मोठ्या मुलांसाठी एक प्रश्न होता : गाडी चुकली तर काय करावे? पॅरिसच्या मुलाला याचे उत्तर अनुभवाने येते. ज्या गावापासून स्टेशन वीस कोस दूर आहे तिथल्या १९३० च्या मुलाने काय सांगावे? त्याच चाचणीत आठ वर्षांच्या मुलांना २० पासून उलटे आकडे म्हणायला सांगत. मराठीत २० च्या आधी येतो ‘एकोणीस’, म्हणजे विसात एक उणा. आकड्याच्या नावातच पुढचा आकडा लपलेला. फ्रेंच मुलाला ही अडचण नाही (त्याच्या वाट्याला ऐंशीसाठी ‘चार विशी’ येतात, तो भाग वेगळा). नाणी मोजायची तर कोणती, चित्रातील बाईने लुगडे नेसले असावे की झगा, शब्दार्थ विचारायचा तर पुस्तकी मराठीतला की घरातला, असे शेकडो निर्णय अशा रूपांतरात दडलेले असतात. ही उदाहरणे माझी आहेत, कामतांच्या पुस्तकातील नव्हेत. पण प्रश्न तोच.

दुसरे नाव नागपूरचे. डेव्हिड वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र चाचणी काढली. तिच्यात भाषेची कामे वेगळी आणि ठोकळे, चित्रे, कोडी अशी हातांची कामे वेगळी. या चाचणीचे भारतीय रूप फादर आर्थर मालिन यांनी नागपुरात १९६० च्या दशकात तयार केले. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत ती उपलब्ध झाली. भाषा आणि हात यांचे गुण वेगवेगळे दिसत असल्याने, भाषेत अडखळणारे पण ठोकळ्यांत तरबेज असणारे मूल इथे लपून राहत नाही.

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून टाकते. अशा चाचणीतील १०० हा आकडा म्हणजे चाचणी प्रमाणित केली त्या काळातील त्या वयाच्या मुलांची सरासरी. ती मुले आता आजी-आजोबा झाली आहेत. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत जातात. अमेरिकेत दशकाला साधारण ३ गुण. म्हणजे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा आकडा फुगलेला येऊ शकतो. ज्याला खरोखर मदत हवी आहे असे मूल त्यामुळे ‘सर्वसामान्य’ ठरून मदतीबाहेर राहण्याची शक्यता असते. चाचणीच्या नावाइतकेच तिच्या मानकांचे वर्ष विचारावे ते यासाठी.

मुंबईने याच काळात आणखी एक गोष्ट केली. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले, ते भारतातील पहिले. यामागची कल्पना शिकागोत १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी सुरू केलेल्या कामातून आलेली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून मुलाकडे पाहायचे. चाचणी हा त्यातला एक भाग. घरी कोण कोण आहे, बाप कामावर आहे का, शाळेत काय घडते, आजारपण कोणते झाले, हा बाकीचा भाग. इथे एकट्याचा शब्द अखेरचा नसे. व्हर्जिनियाच्या न्यायालयातील समाजकार्यकर्ती आणि इथली समाजकार्यकर्ती यांचा पेशा एकच, पण एकीला निकाल हवा होता आणि दुसरीला मुलाची हकिकत.

आता सॅन फ्रान्सिस्को, १९७१. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत लख्ख प्रयोग इथे घडला, तोही प्रयोगशाळेत नव्हे, कोर्टाच्या निमित्ताने. कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक ठराविक रेषेखाली आला की मुलाला ‘शिक्षणक्षम मतिमंद’ मुलांच्या वर्गात टाकले जाई. १९६८-६९ मध्ये राज्यातील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले ९ टक्के होती आणि या वर्गांत २७ टक्के. सहा कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी दावा लावला. कायद्याच्या इतिहासात तो ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ म्हणून ओळखला जातो. या मुलांची पुन्हा चाचणी घेतली ती कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी. त्यांनी आधी मुलांशी गप्पा मारून ओळख करून घेतली, त्यांचे लक्ष विचलित झाले तर थांबले, प्रश्न मुलांच्या बोलीत समजावले आणि उत्तर अपेक्षित शब्दांत नसले तरी त्यामागचा विचार बरोबर असेल तर ते ग्राह्य धरले.

सहाही मुले ७५ या सीमारेषेच्या वर आली.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतला गेला : प्रश्नांची भाषा बदलली, उत्तरांना सैलपणे गुण दिले, तर चाचणी ‘तीच’ कुठे राहिली? आक्षेप खरा आहे. प्रमाणित चाचणीचा अर्थच सर्वांना एकसारखी वागणूक. पण पहिल्या वेळी या मुलांना मिळालेली वागणूक तरी ‘एकसारखी’ होती का, हा उलट प्रश्न न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी १९७२ मध्ये तात्पुरती मनाई केली आणि १९७९ मध्ये सविस्तर निकाल देऊन कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरण्यास बंदी घातली. या बंदीवरही पुढे वाद झाले. काही पालकांना उलट चाचणी हवी होती, कारण तिच्याविना त्यांच्या मुलांची खरी अडचण सिद्ध होत नव्हती. हत्यार काढून घेतले तरी दुखणे राहतेच.

भारतात चाचणी घेणाऱ्याच्या पात्रतेची वाट हळूहळू तयार झाली. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत (आजची निम्हान्स) १९५५ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीचे शिक्षण सुरू झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व विशेष शिक्षक यांची नावे तिच्या केंद्रीय नोंदवहीत असणे आवश्यक झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे याची व्याख्या दिली. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता देशभरासाठी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत समाविष्ट केली. म्हणजे दाखल्याला पुन्हा वजन आले, फक्त आता तो मुलाला वर्गाबाहेर काढण्यासाठी नसून आत टिकवण्यासाठी आहे. बिनेला हे आवडले असते, असे मला उगाचच वाटते.

घरातली एक गोष्ट सांगते. माझा आतेभाऊ तिसरीत असताना शाळेने ‘असेसमेंट करून आणा’ म्हणून चिठ्ठी दिली. आत्याच्या घरी अहिराणी बोलतात. जवळच्या एका केंद्रात पाऊण तासात, इंग्रजीतून चाचणी झाली. अहवाल एका पानाचा, त्यात एक आकडा आणि ‘बिलो अ‍ॅव्हरेज’. चाचणी कोणती, कोणी घेतली, घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय, यातले काहीच नव्हते. आत्याने तो कागद वर्षभर कपाटात साड्यांखाली ठेवला. वर्षाने दुसऱ्या ठिकाणी नेले तर तिथे आधी कान आणि डोळे तपासून आणायला सांगितले, मग आत्याशी दोन बैठका, मग मराठीतून चाचणी, शाळेच्या वह्या पाहणे, असे महिनाभर चालले. आकडा थोडा वाढला. वाचनाची अडचण मात्र खरीच निघाली, आणि तिला नाव मिळाले. ‘ढ’पेक्षा ते बरेच उपयोगी ठरले.

तेव्हा मी इतिहास शिकत नव्हते. आज शिकताना लक्षात येते की त्या दुसऱ्या बाईंनी जे केले त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. आधी डोळे तपासणे हे विटमरचे, वह्या आणि घरची हकिकत हे शिकागो-नागपाड्याचे, आधी मुलाची भीड मोडणे हे बिनेचे. म्हणून कोणाच्या घरी अशी चिठ्ठी आली तर चाचणी कोणती यासोबत हेही विचारण्यात संकोच नसावा : आपली नोंदणी कुठे आहे, चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत होईल का, मानके कोणत्या काळातली, लेखी अहवाल मिळेल का आणि त्यात पुढे काय करायचे ते असेल का. औषधाची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर लागतो. बुद्धिमापन हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे काम. रोजचे वाचन-लेखन सुधारण्यासाठी विशेष शिक्षक. पाटीवर नुसतेच ‘समुपदेशक’ असेल तर शिक्षण काय झाले, ते विचारावे. चांगली माणसे या प्रश्नांनी दुखावत नाहीत. जी दुखावतात, त्यांच्याकडून उठून येण्याचा हक्क पालकांना आहे.

आता व्हिव्हियन.

१९८० च्या दशकात पॉल लोंबार्डो या इतिहासकाराने या खटल्याचे कागद पुन्हा उघडले. कॅरी तेव्हा हयात होती. तो तिला भेटला. ती वर्तमानपत्र वाचत असे, शब्दकोडी सोडवत असे. १९८३ मध्ये ती वारली. तिच्या मुलीच्या शाळेच्या जुन्या नोंदी लोंबार्डोला सापडल्या आणि स्टीफन जे गूल्ड यांनी १९८४ च्या एका लेखातून त्या सर्वांपुढे आणल्या. त्या नोंदींनुसार शार्लट्सव्हिलच्या एका प्राथमिक शाळेत सप्टेंबर १९३० ते जानेवारी १९३१ या सत्रात व्हिव्हियनला वर्तणुकीत ‘ए’ आणि ‘बी’, इतर विषयांत ‘सी’ आणि गणितात ‘डी’ होता. पुढच्या सत्रात वर्तणुकीत ‘ए’, गणितात ‘सी’, बाकी सर्व विषयांत ‘बी’. एप्रिल १९३१ मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले. पुढच्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजाराने गेली.

गणितात ती जरा कच्ची होती.